वॉटफर्डमधलं जावळ

ही गोष्ट मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही. बायकोला अर्धीमुर्धी ठाऊक आहे, तेवढीच. पोलिसाच्या नोकरीत माणूस मेलेले पाहतो, मारणारे पाहतो आणि हळूहळू निबर होतो. मीही झालो होतो. पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वॉटफर्डमध्ये एका जिवंत, गुटगुटीत मुलाच्या प्रकरणाने मला जो धक्का दिला, तो कुठल्या खुनानेही दिला नाही. नावं कुणाचीच देत नाही. तो मुलगा आता चांगला बाप्या झाला असेल, त्याला उगाच त्रास नको.

मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. पुण्यात शाळा करून वडिलांबरोबर इकडे आलेला आणि सगळ्या नातेवाइकांनी वेड्यात काढलं तरी पोलिसात शिरलेला. स्टेशनात सावळा मी एकटाच. त्यामुळे गुजराती असो, पंजाबी असो, एकदा तर तमिळ म्हातारासुद्धा, सगळे माझ्याच टेबलापाशी आणून उभे केले जात. “तुझ्यातलाच आहे,” असं म्हणून आमचे इन्स्पेक्टरसाहेब चहाला पसार होत.

एका सोमवारी सकाळी मी वीकेंडच्या अटकांचे कागद उपसत होतो, तेव्हा हेल्थ व्हिजिटरचा फोन आला. घरोघर जाऊन लहान मुलांची तब्येत बघणारी ही नर्स मूळची ग्लासगोची, पन्नाशीची आणि तोंडाने फटकळ. तिच्या भागात एक मराठी डॉक्टर आणि त्याची बायको राहत. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मूल नाही, म्हणून दोघं भारतात जाऊन एका अनाथाश्रमातून अडीच वर्षांचा मुलगा घेऊन आले होते. त्याला आठ महिने झाले होते. कौन्सिलची तपासणी झालेली, कागद चोख.

“मी आश्रमातली मुलं पाहिली आहेत,” बाई म्हणाल्या. “पाळण्यात वाढलेलं मूल रडत नाही. रडून कुणी येत नाही, हे ते पहिल्या वर्षातच शिकतं. हा मुलगा रडतो. दाराची बेल वाजली की धावत जातो, कोण आलंय ते बघतो आणि मग रडतो. तो कुणाची तरी वाट बघतोय, सार्जंट.”

रडणं हा काही गुन्हा नाही, असं मी म्हणालो. “तुझ्या देशातलं पोर आहे, एकदा बघून तर ये!” असं सुनावून बाईंनी फोन आपटला.

मी आधी कागद मागवले. भारतातल्या जिल्हा न्यायालयाचा हुकूम, संस्थेचा दाखला, व्हिसा, सगळं होतं. पंधरा दिवसांचं मूल सरकारी दवाखान्याच्या पायरीवर सापडलं, तेव्हापासून संस्थेत वाढलं, कुणीही हक्क सांगायला आलं नाही, असं लिहिलेलं. एकच गोष्ट खटकली. त्या काळी आश्रमात मुली असत, नाहीतर आजारी मुलगे. धडधाकट मुलगा आपल्याकडे कुणी पायरीवर ठेवत नसे. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

डॉक्टरांच्या घरी मी साध्या कपड्यांत गेलो. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दोघांशी तोंडओळख झाली होती, त्यामुळे डॉक्टरांच्या बाईंनी चहाबरोबर चिवडाही पुढे केला. बाई साध्या, हळव्या. पोरगा त्यांच्या पदराशी नव्हता, पण फार लांबही नव्हता. त्याच्याशी त्या फक्त इंग्रजीत बोलत होत्या. “Come, darling. Say hello to uncle.” इकडची पुष्कळ घरं असंच करतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

शेकोटीवरच्या फळीवर, मँटलपीसवर, एक फोटो होता. मुलगा एका गृहस्थाच्या मांडीवर, गृहस्थाच्या हातात कात्री, मुलाचे केस थेट खांद्यापर्यंत आलेले आणि शेंडीपाशी लाल दोरा गुंडाळलेला.

“जावळ केलंत वाटतं?” मी विचारलं.

“अहो, मग! ह्यांचे फ्रेंड मामा म्हणून बसले. इथे सख्खा भाऊ कुठून आणू? बाकी सगळं प्रॉपर केलं, ओवाळलं, पुरणपोळी केली.”

छान, म्हणालो. चिवडा संपवला आणि उठलो. पंधरा वर्षं नोकरी झालेला पोलीस पुरावा डोळ्यांसमोर असताना शेंगदाणे वेचून खात बसला होता, दुसरं काय म्हणणार!

डोक्यात प्रकाश पडला तो परतताना, राउंडअबाउटच्या गोल चौकात. गाडी तिथेच थांबली. मागचे लोक हॉर्न वाजवायला लागले. पुण्यात आमच्या शाळेत आश्रमातली मुलं येत. उवांच्या भीतीने त्या सगळ्यांची डोकी दर महिन्याला तासलेली असत, लांबून ओळखू येत ती. आणि हा मुलगा पंधरा दिवसांचा असल्यापासून आश्रमात होता, तर अडीच वर्षं त्याच्या डोक्याला कात्री लागली नव्हती ती कशी? जन्मापासूनचे केस तसेच राखायला, तेल घालायला, गुंता सोडवायला आणि “ह्याचं जावळ देवाला बोललंय, हात लावू नका” असं चारचौघांना बजावायला घरात कुणीतरी लागतं. तो लाल दोरा दाखल्यावर सही करणाऱ्या साहेबांनी बांधलेला नव्हता.

आमच्या इन्स्पेक्टरना हे समजावताना माझ्या तोंडाला फेस आला. “म्हणजे न कापलेले केस हा पुरावा?” असं ते तीनदा विचारत होते. शेवटी म्हणाले, “बरं, बोलाव त्यांना. पण प्रश्न एकच आहे. कागद खोटे आहेत हे त्या दोघांना माहीत होतं का? नसेल, तर ते फसवले गेले. असेल, तर इमिग्रेशनची फसवणूक.” प्रश्न खरंच तेवढाच होता. त्याच्यावर तीन माणसांचं घर टांगलेलं होतं.

डॉक्टर वकील घेऊनच आले. टेप सुरू झाली, ‘बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाईल’ हे कॉशन देऊन झालं आणि मग तासभर मला लेक्चर ऐकावं लागलं.

“अहो सार्जंट, कोर्टाची ऑर्डर आहे. हाय कमिशनने व्हिसा दिलाय. And you, a Maharashtrian, तुम्हीच आमच्या मागे लागताय? गोऱ्यांनी केलं असतं तर समजू शकलो असतो.”

केसांबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, “I'm a physician, not a barber.” माझ्या अनुभवात, खरं बोलणारा माणूस असा तयार विनोद खिशात घेऊन येत नाही. पण ही काही कोर्टात सांगायची गोष्ट नव्हे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या बाई आल्या. या वेळी इन्स्पेक्टरही माझ्या शेजारी बसले. मी मराठीत बोलायची तयारी दाखवली. नको, इंग्रजीच बरं, असं म्हणाल्या. अर्धा तास सरळ, पाठ केल्यासारखी उत्तरं देत होत्या. मग मी तो फोटो टेबलावर ठेवला आणि काहीच विचारलं नाही. चौकशीत गप्प बसणं हे मला उशिरा जमलेलं काम आहे.

बाई फोटोकडे बघत राहिल्या आणि एकदम मराठीत बोलल्या.

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं.”

“काय कळलं होतं?”

“त्याला घरी आणून न्हाऊ घालत होते. केसांत हात गेला, तो दोरा लागला हाताला. अहो, हे कुणीतरी नवसाचं ठेवलंय, एवढं मला कळत नाही? त्याची आई होती. मी ह्यांना विचारलं, तर म्हणाले, आजारी आहे, राहायची नाही, तू विचार करू नकोस.”

इन्स्पेक्टर माझ्याकडे बघत होते. मी हात करून त्यांना थांबवलं.

“मग न्हाव्याकडे नेऊन चूपचाप कापून टाकायचे होते केस,” मी म्हणालो. “कुणाला पत्ता लागला नसता. फोटो कशाला काढलात?”

“कसं कापून टाकू?” त्या माझ्यावरच चिडल्या. “दुसऱ्या बाईचा नवस होता तो! मूल तिचं घेतलं, आता नवसही मोडू? माझ्याने नाही झालं ते. म्हणून सगळं रीतसर केलं. मामा बसवला, ओवाळलं, केस गव्हाच्या पिठाच्या उंड्यात घालून नदीत सोडले. निदान तेवढं तरी तिचं पुरं व्हावं म्हणून.”

मग हळू आवाजात म्हणाल्या, “आणि मराठी मी मुद्दाम बंद केली. तो मराठीतच ‘आये, आये’ अशा हाका मारायचा. मला ऐकवत नव्हतं.”

“What did she say?” इन्स्पेक्टरनी विचारलं. “एक मिनिट,” मी म्हणालो. चोराने देव्हाऱ्यातली समई विझू नये म्हणून तेल घालून जावं, तशातली ही कबुली होती. मला बाईंचा भयंकर राग आला होता आणि त्याच क्षणी त्यांच्या पाया पडावंसंही वाटत होतं. शेवटी टेप बंद करून पाणी मागवलं.

त्यानंतर डॉक्टरही फार टिकले नाहीत. संस्थेच्या चालकाने त्यांच्या कानावर घातलं होतं, की आई विधवा आहे, टीबीच्या दवाखान्यात आहे, वाचेल असं वाटत नाही. मधल्या काळात मुलाचं भलं होत असेल तर होऊ द्या. डॉक्टरांनी मान डोलावली. आयुष्यभर छातीचे रोगी तपासलेला माणूस. औषधं वेळेवर घेतली तर टीबीचा पेशंट बरा होतो, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणाला माहीत होतं? हे मी त्यांना टेपवर विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्याकडे विनोद नव्हता.

आम्ही भारतात त्या जिल्ह्याच्या पोलिसांना रीतसर कळवलं. माझी फारशी आशा नव्हती. पण तिथल्या एका सब-इन्स्पेक्टरने चिकाटीने संस्थेचं जुनं रजिस्टर हुडकलं. दोन महिन्यांनी त्याचा अहवाल आला, स्वच्छ मराठीत, टाइप केलेला. मी तो कँटीनमध्ये उभ्याउभ्याच वाचला आणि खुर्ची शोधून बसलो.

आई बरी झाली होती. सात महिन्यांनी दवाखान्यातून सुटली ती तडक मुलाला न्यायला संस्थेत गेली. मुलगा जुलाबाने गेला, पुरून टाकला, असं तिला सांगण्यात आलं. रजिस्टरात तिने मुलाला ठेवल्याची नोंद होती, ‘जावळ नवसाचं, कापू नये’ असा शेरा होता आणि पुढे तांबड्या शाईने ‘मयत’. बाईने गावी जाऊन पोराचं सुतक पाळलं. एका वीटभट्टीवर कामाला लागली. सब-इन्स्पेक्टर तिच्यापुढे उभा राहून म्हणाला, मुलगा जिवंत आहे, तर तिने त्याला हाकलून दिलं. थट्टा करतोय असं वाटलं तिला. फोटो दाखवल्यावर तिने आधी त्या लाल दोऱ्यावर बोट ठेवलं.

पुढचं सगळं कोर्टाने पाहिलं. इथल्या न्यायाधीशांनी आईला बोलावून घ्यायचा हुकूम केला, पण पासपोर्ट, व्हिसा, तारखा यांत वर्ष गेलं. तोवर मुलगा कोर्टाच्या परवानगीने डॉक्टरांच्याच घरी राहिला. डॉक्टरांना फसवणुकीबद्दल शिक्षा झाली, स्थगित ठेवलेली. बाईंनी सरळ कबुली दिली म्हणून त्या थोडक्यात सुटल्या. संस्थेच्या चालकाला तिकडे अटक झाली.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. सगळे शिक्के जागच्या जागी असलेला कागद हातात आला की मी आता दोनदा वाचतो. ही सोपी. दुसरी मला पचायला जड गेली. एक गुन्हेगार, एक फिर्यादी, त्यांना वेगळं केलं की आपलं काम झालं, असं मी इतकी वर्षं समजत आलो होतो. कौन्सिलच्या ऑफिसात आई-मुलाची भेट झाली, त्या एका दुपारी ते समजणं संपलं.

मुलगा तोवर चार वर्षांचा झाला होता. नर्सरीत जाणारा, मराठीचा शब्द न उरलेला. आई एका समाजसेविकेबरोबर आली. विमानात काही खाल्लं नव्हतं, साडीवर कुणाचातरी उसना कोट. ती मुलाकडे धावली नाही. दाराशीच उभी राहिली आणि मला म्हणाली, “साहेब, त्याला भूक लागली का, इचारा की.”

मी इंग्रजीत विचारलं. मुलाने मान डोलावली. तिने फडक्यातून दशमी काढली, घरून करून आणलेली, आता कडक झालेली. ती जमिनीवर बसली आणि तुकडा पुढे केला. मुलाने तिच्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बायकोकडे वळून विचारलं, “Can I, Mummy?”

समाजसेविका खिडकीबाहेर बघायला लागली. मग डॉक्टरांच्या बाई गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, “Don't ask me, darling. Ask her. She's your mum.”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. “How do I ask her?”

तीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो जबाब एका भाषेतून दुसऱ्या भाषेत केले. इथे तीनच शब्द हवे होते. मी खाली वाकलो आणि त्याला सांगितलं, “म्हण, आये, घेऊ का?”

तो म्हणाला. उच्चार पार इंग्रजी होता. पण आईने ती हाक पहिल्या झटक्यात ओळखली.