मागच्या रांगेचा पत्रा

रंगारी वारला तेव्हा त्याच्या बायकोच्या वाट्याला तीन ब्रश, एक शिडी आणि एक थोरली नणंद एवढी इस्टेट आली. लोकांचा अंदाज असा की बाई शिडी विकेल आणि नणंदेला कुठेतरी पोचती करेल. बाईने दोन्ही ठेवलं. महिन्याभरात ती स्वतः शिडीवर चढली, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पहिले चार दिवस लोक शिडीवरच्या बाईकडे बघून हसले, मग भिंत बघून गप्प बसले. चुना भिजवून आठ दिवस मुरवल्याशिवाय ती भिंतीला हात लावत नसे, म्हणून तिचं नाव पडलं चुनावहिनी. पाडणाऱ्याने ते चेष्टेत पाडलं असणार, पण तिला ते पदवीसारखं वाटायचं.

घाणीची तिला किळस नव्हती. गटारालगतच्या भिंती तिने खरवडल्या होत्या, उंदीर मेलेल्या माळ्यावर दिवसभर काम करून तिथेच डबा खाल्ला होता. तिला किळस होती ती अर्धवट कामाची. कपाटामागची भिंत कोरी सोडणारा रंगारी, ओल झाकायला वरून नुसता हात फिरवणारा ठेकेदार, असलं काही दिसलं की तिला खरोखर मळमळायचं. असल्या बाईने नगरपालिकेच्या कामात पडूच नये. पण ती पडली, आणि त्याला कारण नणंद.

नणंदेने एकतीस वर्षं शाळेत घंटा वाजवली होती. मग डावी बाजू गेली आणि ती खाटेला खिळली. वस्तीत खोल्यांच्या सहा रांगा. पुढच्या तीन रस्त्याकडे, मागच्या तीन पाण्याच्या टाकीआड. सगळ्यात मागच्या रांगेत, गंजक्या पत्र्याखाली, या दोघींची खोली. पंखा होता, पण उन्हाळ्यात तो तीच गरम हवा ढवळत बसायचा. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी नणंदेची शुद्ध हरपली. डॉक्टरांनी सलाइन लावलं, आणि दाराबाहेर नेऊन वहिनीला सांगितलं, "असा आणखी एक उन्हाळा यांना झेपणार नाही. खोली थंड ठेवा."

पत्र्याखालची खोली थंड ठेवा! सांगायला काय जातं? पत्र्यावर चुना टिकत नाही, वाऱ्याबरोबर पापुद्रे उडतात. ऊन परतवणारा पांढरा रंग पत्र्यावर टिकतो, पण तो तिच्या ऐपतीबाहेरचा. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात नगरपालिका आणि वस्तीचं महिला मंडळ यांच्यात करार झाला. हवामान बदलाशी सामना, लोकसहभाग, भागीदारी, असे शब्द छापलेला फलक लागला. त्याचा अर्थ इतकाच, की रंग पालिकेचा, अंगमेहनत मंडळाची, आणि वस्तीतलं एकूण एक छप्पर पांढरं. हे ऐकून चुनावहिनी, जी आयुष्यात कुठल्या मंडळात गेली नव्हती, ती पहिल्या बैठकीला पहिल्या खुर्चीत जाऊन बसली.

बैठका अकरा झाल्या. दहा बैठकांत छपरांचा विषयच निघाला नाही. टोप्या कुठल्या रंगाच्या, फलकावर कोणाचं नाव वर, यातच बिस्किटांचे पुडे संपले. अकराव्या बैठकीत वहिनी उठली आणि म्हणाली, "पत्रा आधी तारेच्या ब्रशने घासावा लागेल, मग धुवावा लागेल, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. कोण कोण चढणार ते सांगा, मी शिकवते." सभा अशी गप्प झाली, जशी काही तिने कोणाची खाजगी गोष्ट चारचौघांत काढली. मग अध्यक्षबाई गोड हसून म्हणाल्या, "आमच्या वहिनी म्हणजे ना, अगदी मातीतल्या."

पण बायका चढल्या. हे मात्र खरं, आणि ते सांगितलंच पाहिजे. बारा जणी शिकल्या, हात सोलवटून घेतले, आणि पहिल्या रांगेचे पत्रे घासून आरशासारखे केले. मग रंग आला. तीस डबे येणार होते, आले वीस.

"दहा डबे ऑफिसच्या गच्चीला लागले," पालिकेचा ओव्हरसियर म्हणाला. "नमुना म्हणून. पालिकेने आधी स्वतः करून दाखवायला नको का?"

त्या गच्चीखाली प्रत्येक खोलीत एसी चालू असतो हे वहिनीला माहीत होतं, कारण त्या खोल्या तिनेच रंगवल्या होत्या. तिने डब्यात काठी घालून रंग उचलून पाहिला. काठीवरून तो दुधासारखा ओघळला. "यात पाणी घातलंय," ती म्हणाली.

"पुरवायला नको? तीन रांगा आहेत."

"सहा आहेत."

"तीन पहिल्या टप्प्यात. मागच्या तीन दुसऱ्या टप्प्यात."

दुसरा टप्पा कधी, हे त्याने सांगितलं नाही. मागच्याच तीन का, ते तिला दोन दिवसांनी कळलं. पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांसाठी सज्जा आहे. तिथून वस्तीच्या पुढच्या तीन रांगा दिसतात आणि पाण्याच्या टाकीमागचं काहीच दिसत नाही. छपरं कोणती रंगवायची हे त्या सज्ज्यात उभं राहून ठरलं होतं. ऐकून वहिनी घरी आली, मोरीत बसली आणि नुसतीच थुंकत राहिली. जीभ स्वच्छच होईना.

उन्हाळा लागला. आता कामाचा परिणाम मोजायचा होता. आधीचे आकडे, म्हणजे रंग देण्यापूर्वी खोलीत किती गरम होतं ते, ओव्हरसियरने दुपारी दोन वाजता घेतले होते. नंतरचे आकडे घ्यायला तो सकाळी सातला आला. प्रत्येक खोलीत अकरा-बारा अंशांचा फरक! असा फरक तर दुपार आणि सकाळ यांच्यात देवाच्या दयेने फुकटातच पडतो, त्याला रंगाचा डबा कशाला लागतो? मंडळातल्या शिकल्यासवरल्या बायकांनी ते आकडे सुवाच्य अक्षरात तक्त्यात उतरवले. पुढच्या रांगेतल्या होत्या त्या. अळीमिळी गुपचिळी.

अहवालावर एका सहीची जागा होती. 'कामाची जाणकार स्थानिक व्यक्ती' असं तिथे छापलेलं. तशी व्यक्ती वस्तीत एकच. ओव्हरसियर कागद घेऊन आला तेव्हा वहिनीने हात मागे घेतला.

"सकाळ-दुपारची वजाबाकी करून माझ्या नावाने खपवता? मी नाही सही करणार."

तो रागावला नाही. असल्या माणसांना राग येत नाही, हीच तर मोठी पंचाईत. तो शांतपणे म्हणाला, "गोदामात एक डबा शिल्लक आहे, वहिनी. सील न फोडलेला. तुमच्या घरी पेशंट आहे ना?"

चुनावहिनी उंबऱ्यात उभी होती. आत नणंद डोळे मिटून पडली होती, गळ्याच्या खळग्यात घाम साचला होता. सकाळचे फक्त दहा वाजले होते. वहिनीने कागद भिंतीला टेकवला आणि सही केली.

डबा संध्याकाळी आला. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने पत्रा घासला, धुतला, प्रायमर दिला आणि मग दोन दाट हात मारले. त्याच रंगात निम्मं पाणी घातलं असतं तर शेजारच्या शिंपिणीचा पत्राही पांढरा झाला असता. पण काम करायचं तर पक्कं, ही तिची सव्वीस वर्षांची सवय. सवयीच्या आड लपायला बरं पडतं. शिंपीण खाली उभी राहून वर बघत होती, खांद्यावर महिन्याभराची नात होती, आणि वहिनीने शिडीवरून एकदाही खाली पाहिलं नाही.

खोली थंड झाली. खरीखुरी, दुपारी दोन वाजता! नणंदेने भात मागून खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "रंग आला म्हणजे सगळ्यांनाच आला असेल?"

"येईल हळूहळू."

"मग ही पोर का रडते शेजारी? दुपारभर रडते."

वहिनीने भांडी घासायला घेतली. नणंदेला चालता येत नव्हतं, पण कान शाबूत होते आणि वस्तीतली निम्मी माणसं तिच्या घंटेवर शाळेत वाढलेली. तिने शिंपिणीला बोलावून विचारलं, मंडळातल्या एकीला बोलावून विचारलं. तिचा प्रश्न एकच असायचा, "किती वाजता मोजलं?" जिने आयुष्यभर मिनिटाला मिनीट धरून घंटा दिली, तिला दोन आणि सात यांच्यातली गोम सांगावी लागली नाही. सही कोणाची, तेही तिला कळलं. ती वहिनीला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त शिंपिणीला सांगितलं, "पोरीला दुपारी इथे आण."

पोर आली, तिची आई आली. दुसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली दम्याची एक म्हातारी आली, मग आणखी एक. खोली ती केवढी! खाटेने निम्मी अडवलेली. उरलेल्या जागेत माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसायची, आणि दोघी-तिघी दारातून परत जायच्या.

पालिकेचं काम बघायला बाहेरचे पाहुणे यायचे त्या दिवशी वहिनी एका दुकानाची भिंत उरकून दीड वाजता घरी आली. खोलीत सात माणसं होती. खाट नव्हती.

ती शेजारी धावली. शिंपिणीच्या खोलीत, त्या तापलेल्या काळ्या पत्र्याखाली, नणंद खाटेवर पडली होती. कपाळावर ओलं फडकं होतं.

"कोणी आणलं तुम्हांला इथे?"

"मीच आणवलं. शिंपिणीच्या लेकाने आणि जावयाने उचललं."

"वन्सं, वेड लागलंय का तुम्हांला? डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे?"

"माझ्या एका खाटेच्या जागेत चार माणसं बसतात गं. मोजलंय मी."

"मी कशासाठी केलं हे सगळं? कोणासाठी तोंड काळं केलं?" वहिनीचा आवाज फाटला. "उचला यांना, कोण आहे तिकडे, उचला!"

नणंदेने चांगल्या हाताने तिचं मनगट धरलं. हाताला चटका बसेल इतकं अंग तापलं होतं. "मला जगायचंय," ती म्हणाली. "पण एवढं नाही."

वहिनी तशीच निघाली. रंगाच्या कपड्यांनी, भर उन्हात, वस्ती ओलांडून पालिकेच्या सभागृहात. आत गारठा होता. पाहुणे पुढे बसले होते, मंडळाच्या बायका टोप्या घालून मागे. भिंतीवर पांढऱ्या छपरांचा मोठा फोटो होता, तिसऱ्या मजल्यावरून घेतलेला. अध्यक्षबाईंनी तिला दारात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आल्याच बघा आमच्या वहिनी! प्रमाणपत्र पहिल्यांदा त्यांनाच."

टाळ्या पडल्या. ती व्यासपीठावर गेली, प्रमाणपत्र घेतलं नाही, माइक घेतला.

"अहवालातले आकडे खोटे आहेत," ती म्हणाली. "आधीचे दुपारी दोनला घेतलेत, नंतरचे सकाळी सातला. मागच्या तीन रांगांना रंगच नाही. सही माझी आहे. एका डब्यासाठी केली मी. माझी नणंद आत्ता पत्र्याखाली भाजतेय. चला माझ्याबरोबर, दहा मिनिटांची वाट आहे, बसून बघा."

कोणी हललं नाही. तिने मागच्या खुर्च्यांकडे पाहिलं. जिला बोटांना फोड येईपर्यंत तिने ब्रश धरायला शिकवलं होतं, ती सुद्धा टोपी नीट करत बसली होती. पाहुण्यांतल्या एका बाईंनी ओव्हरसियरकडे पाहिलं. तो लगबगीने उठला, वहिनीच्या कोपराला हात लावून माइक अलगद काढून घेतला, आणि काळजीच्या सुरात म्हणाला,

"बाई उन्हातून चालत आल्यात. ऊन लागलंय त्यांना. अहो, पाणी आणा कोणीतरी!"

सगळ्या सभागृहाचा जीव भांड्यात पडला. कोणी खुर्ची दिली, कोणी प्रमाणपत्राने वारा घातला. पाहुण्या बाई हळहळल्या, म्हणाल्या, याच लोकांसाठी तर हे काम करायचं. अध्यक्षबाईंनी स्वतः ग्लास आणला. थंड इतका की बाहेरून दव धरलं होतं.

वहिनी परतली तेव्हा साडेतीन वाजले होते. शिंपिणीच्या खोलीत उकाडा तसाच होता. ती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसली.

"सांगितलंस?" नणंदेने विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"त्यांनी पाणी दिलं."

"आणि तू?"

चुनावहिनीने दोन्ही हातांत तोंड लपवलं. "प्यायले. तहान लागली होती, वन्सं. सगळा ग्लास प्यायले."

नणंदेने कपाळावरचं फडकं काढलं, बादलीत बुडवलं, एका हाताने जमेल तसं पिळलं आणि वहिनीच्या मानेवर ठेवलं.