हनुवटी छातीला टेकवून

वहिनीचा फोन आला तेव्हा इकडे नगरला माझ्या हातात सकाळचा चहा होता. "ताई, ह्यांनी आज चहा घेतला न्हाई...," एवढंच म्हणाली. पुढचं मला कळलं. त्याला आता दीड महिना झाला.

दादा माझा थोरला भाऊ. कोपरगावकडच्या साखर कारखान्यात फिटर होता. कढत चहा बशीत ओतून उभ्या उभ्या एका दमात संपवायचा. गेल्या दिवाळीत माझ्याकडे आला आणि त्याच्या कानात आग व्हायला लागली, पाळीवर पुटकुळ्या उठल्या. नागीणच ती. कुणाच्या कमरेला नागीण उठली की तिचं तोंड शेपटीला मिळू नये म्हणून आई भोवती तांबडी काव लावायची, तशी मी त्याच्या कानाभोवती लावली. वर ठसक्यात म्हटलं, "डॉक्टर कशाला? सुकेल चार दिवसांत." चौथ्या दिवशी दादाचा आवाज बसला आणि पाण्याचा घोट नाकातून परत आला. नागीण आतल्या नसांतून घशापर्यंत पोचली होती. "पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू व्हायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. जळो मेलं माझं शहाणपण!

मी त्याच्या उशाशी बसून रडले, तर घोगऱ्या आवाजात म्हणतो कसा, "सुमे, ल्हानपणी तुझे कान लई पिळले म्या. त्याचं उट्टं काढलंस व्हय?" त्यानं माफ केलं. मला स्वतःला अजून करता आलेलं नाही.

महिनाभर नाकातल्या नळीवर काढल्यावर गिळायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, पातळ काही द्यायचं नाही, ते श्वासनळीत जातं. सगळं घट्ट करून चमच्यानं द्या, आणि गिळताना हनुवटी छातीला टेकवा. दादाला हवा होता फक्त चहा. वहिनीनं तो बाईंनी दिलेली पावडर घालून घट्ट केला. "ह्यो च्या हाय का पिठलं?" म्हणाला, पण घेतला. पाहुण्यांसमोर मात्र त्याला मान खाली घालायची लाज वाटे. मग वहिनी, आणि कोपरगावला गेले की मीही, तशीच हनुवटी टेकवून चहा प्यायला लागलो. शेजारीण हसली, "तुमच्यात च्याला नमस्कार करत्यात का?" दादा कितीतरी दिवसांनी मोकळा हसला... पण शेवटी ठसक्यातून छातीत गेलंच. एकदा न्युमोनियातून वाचला, दुसऱ्यांदा झाला त्यातून मात्र तो उठला नाही.

परवा कोपरगावला गेले. वहिनीनं चहा केला, साधा, पातळ. पहिला घोट घेतला आणि बघते तर दोघींच्याही हनुवट्या छातीला टेकलेल्या.

"आता कशाला गं, वहिनी?" मी म्हटलं.

तिनं मान वर केली नाही. मलाही करवेना.