कबरस्तानातला घास

मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा वडिलांनी माझं घटश्राद्ध केलं. जित्याजागत्या मुलाला मेलेला ठरवून त्याच्या नावाने घागर फोडली. मी मुरारच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर झालो, रोज प्रार्थना करत राहिलो. पण देवाने मला खरोखर आपलं म्हटलंय, की मी ना घरचा ना घाटचा, ही शंका काही जाईना. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, मामा आले आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "ताईने अंथरूण धरलंय. प्रायश्चित्त घेऊन टाक, घरी परत ये, सगळं ठीक होऊन जाईल. परवा संध्याकाळी जवाब घ्यायला येतो." दोन दिवस मी आईखेरीज कशाचाच विचार केला नाही.

ईस्टरच्या पहाटे आमच्या चर्चची मंडळी फुलं घेऊन कबरस्तानात जाते. माझं तिथे कोणी नव्हतं. शिवाय पुनरुत्थानावर तासभर बोलणारा मी, स्मशानातून आलो की डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय पाणीही पीत नसे. म्हणून फाटकापाशीच घुटमळत होतो. तेवढ्यात एका अनोळखी म्हातारीने माझं मनगट धरलं. "बेटा, दिखता नहीं है. मेरे लड़के तक पहुँचा दे." मी तिला कबरीपर्यंत नेलं. तिने हात फिरवून दगड ओळखला, झेंडू ठेवले, तिथेच बसली आणि फडक्यातली गूळरोटी मोडून अर्धी मला दिली. "खा ले. आज सोग का, रोने का दिन नहीं है."

माझा हात आखडला. कबरीशेजारी, बिनअंघोळीचं खायचं? लहानपणापासूनचं सारं सोवळं अंगावर धावून आलं. म्हातारी मात्र मुलाशेजारी निवांत घास चावत होती. मरणाला तिच्या लेखी काही मानच उरला नव्हता. मीही घास घेतला. तो गिळताना माझ्या आत कसलीशी गाठ सुटली आणि मी ढसाढसा रडलो. मला कोणी हाक मारली नाही, काही दिसलं नाही. फक्त खात्री झाली, की मला धरून ठेवणारा हात माझा नव्हताच. मग तो सुटेल याची भीती मी कशाला बाळगू? आईलाही मी त्याच हातात सोपवलं. ते सोपं नव्हतं, आजही नाही. पण त्या सकाळीबद्दल मी देवाचे रोज आभार मानतो.

संध्याकाळी मामा आले. मी येणार नाही म्हटल्यावर ते जायला वळले. मग हळूच विचारलं, "ताईला काय सांगू?"

"मी जिवंत आहे म्हणून सांगा," मी म्हणालो.