पैलवान सर आणि मानाचा गडवा

पैलवान सर दूध प्यायचे तेव्हा डोळे गच्च मिटून घ्यायचे. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या खिडकीपाशी उभं राहायचं, घरून आलेला पितळी गडवा दोन्ही हातांत धरायचा आणि एका दमात रिकामा करायचा. प्यायल्यावरही डोळे काही वेळ मिटलेलेच. आम्ही मास्तर मंडळी हातातला अर्धा कप चहा विसरून बघत राहायचो. "याला म्हणतात तृप्ती!" असं मीच एकदा मुख्याध्यापकांना म्हणालो होतो. ती तृप्ती नव्हती, धास्ती होती. हे कळायला मला सहा वर्षं लागली, आणि मी त्या शाळेत विज्ञान शिकवत होतो.

शाळा मारेगावच्या अलीकडे, फाट्यावरून दोन मैल आत. मी यवतमाळचा. वडील कचेरीत कारकून, आजोबाही कारकून. आमच्या घराण्यात कुणी ढेकूळ फोडलं नव्हतं, की कुणाला धोबीपछाड मारला नव्हता. आमच्याकडे पराक्रम एकच, तो म्हणजे झोपताना हळद घालून पेलाभर दूध. आईचा तसा हुकूमच होता आणि नोकरी लागल्यावरही तो सुटला नाही. खिशात ओव्याची पुडी मात्र कायम असायची. "आपल्या घराण्याचंच पोट नाजूक," असं आई म्हणायची. घराण्याला बोल लावला की पुढचे प्रश्न आपोआप मिटतात, तसे ते मिटले होते.

पैलवान सर आमचे पीटीचे शिक्षक. मान अशी, की शर्टाचं वरचं बटण आयुष्यात कधी लागलं नाही. पण आवाज मऊ. शिट्टी गळ्यात लटकलेली, ती वाजवताना मी त्यांना फारसं पाहिलं नाही. पोरं त्यांच्या नुसत्या उभं राहण्यानं रांगेत यायची. त्यांनी कुठल्याही पोरावर कधी हात उचलला नाही. एकदा गणिताच्या सरांनी छेडलं, तेव्हा म्हणाले, "हात उचलला का कुस्ती होते सर, अन् कुस्ती बराबरीच्याशी कराव लागते." गणिताच्या सरांनी त्या आठवड्यात छडी कपाटात ठेवली. आठवडाभरानं ती बाहेर आली, पण जरा लाजत आली.

त्या गावाचा दुधावर भारी विश्वास. नागपंचमीला शाळेमागच्या आखाड्यात दंगल भरायची. त्या दिवशी पितळी गडवाभर दूध आधी वारुळाशी न्यायचं, नागोबाला दाखवायचं आणि मग गावच्या पैलवानानं ते शेवटच्या कुस्तीआधी सगळ्यांदेखत प्यायचं. हा मानाचा गडवा. तो घेऊन यायचे आबाजी, म्हणजे पैलवान सरांचे वस्ताद. ऐंशीच्या घरातले, वाकलेले, पण गडव्यातला थेंब सांडू न देणारे. सर गडवा कपाळाला लावायचे, डोळे मिटायचे, प्यायचे आणि मग हरायचे. दरवर्षी. पहिली काही मिनिटं असा जोर, की समोरच्याची पाठ आता लागली म्हणावं. मग चेहरा पिवळा पडायचा, पोट आवळल्यासारखे ते आखडायचे, समोरच्यानं कमरेला मिठी घातली की ढिले पडायचे. गदा वाजतगाजत दुसऱ्या गावाला जायची आणि आमचं गाव एकच निदान करायचं, "दूध कमी पडलं."

गंमत म्हणजे बाहेरगावी हाच माणूस जिंकायचा. घाटंजीला, राळेगावला, वणीला. पहाटेच्या एसटीनं निघायचं, रुमालात बांधलेले भिजलेले चणे खायचे, उतरलं की शड्डू ठोकायचा. गावानं म्हणच उलटी करून टाकली होती, "बाहेर वाघ अन् घरी शेळी." सर त्यावर हसायचे, पण ते हसू मिशीच्या वर जात नव्हतं. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सायन्स सर, तुम्ही शिकेल मानूस. काय कमी पडून राह्यलं माह्यात?" मी पुस्तकातलं वाक्य ऐकवलं, दूध हे पूर्णान्न आहे. वर स्वतःची भर घातली, "रोजचं एक लिटर वाढवा." बिचाऱ्यानं वाढवलं. पुढच्या नागपंचमीला ते आणखी लवकर हरले. त्याच सकाळी मी वर्गात तावातावानं शिकवलं होतं, की साप दूध पीत नाही, आपण भाबडेपणानं त्याच्या पुढ्यात ठेवतो. सापाचं मला कळत होतं. पैलवानाचं कळलं नाही.

मग ते कापसाचं वर्ष आलं. वाईट वर्षं आधीही येऊन गेली होती, पण त्या वर्षी बोंडं धरली ती किडली आणि जो कापूस वेचून आणला त्याला कुणी धड विचारलं नाही. सरांचा भाऊ शेती करायचा. सगळ्या घरांत झालं तेच त्यांच्या घरात झालं. कपाशी गेली तर सरकी कुठली, सरकी नाही तर तिची पेंड, म्हणजे ढेप कुठली, आणि ढेप नाही तर म्हशीच्या पुढ्यात काय टाकायचं? त्यांची भुरी म्हैस दसऱ्यानंतर पांढरकवड्याच्या बाजारात गेली. तिला सोडून आल्यावर वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, दोन दिवस गोठ्याकडे फिरकल्या नाहीत. गावात ज्यांच्याकडे जनावर उरलं होतं त्यांचं दूध थेट डेअरीच्या कॅनमध्ये जायचं. शाळेतला चहाही काळा झाला.

सरांचा गडवा मात्र बंद झाला नाही. सकाळी मी नळावर पाण्याला निघालो, की ते ओट्यावर बसून पांढराशुभ्र गडवा तोंडाला लावलेले दिसायचे. मला नवल वाटायचं. एका रविवारी हजेरीपट मागायला मी त्यांच्या घरी पहाटेच गेलो. वहिनी पाट्यावर भिजवलेले शेंगदाणे वाटत होत्या. वाटून झाल्यावर त्यांनी गोळ्यात पाणी घातलं, सगळं लुगड्याच्या धुतलेल्या धडप्यातून पिळलं, आणि खाली पातेल्यात पांढरं दूध साचलं. मला दारात पाहून त्यांचा हात थांबला.

"कोणाले सांगू नोका सर," त्या म्हणाल्या. "पैलवानाच्या घरी दूध नाही म्हनतीन लोकं. म्हून असं पांढरं करून देतो ह्याईले."

"आणि सर पितात?"

"पेतेत न. कुरकुर नाही का काही नाही. आंबील देली त पेतेत, जवसाची चटनी देली त खातेत. अन् एक सांगू का सर?" त्यांनी आवाज उतरवला. "भुरी गेली तवापासून ह्याईचं पोट गप्प आहे. आधी राती गुडगुड, सकाळी धावपळ. मले वाटे, पैलवानाचं पोट असंच बोलत असन."

तेवढ्यात सर आले. गडवा उचलला आणि प्यायले. डोळे टक्क उघडे होते. खालच्या आळीतल्या बैलजोडीकडे बघत, सावकाश, माणूस आवडीचं काही पितो तसे प्यायले. मी तिथेच ओट्यावर बसलो. सहा वर्षांचे गडवे माझ्या डोळ्यांपुढून गेले आणि त्यातला एक लिटर माझा होता. जाताजाता मी वहिनींना उगाच विचारलं, भुरीचं दूध चवीला कसं होतं? त्या हसल्या. "मले काय मालूम? माहेरी पेत होती मी, लय आवडे, पचेही. इथं आली अन् सारं पैलवानाले."

त्या शनिवारी यवतमाळला गेलो तो कॉलेजच्या ग्रंथालयातच. तिथल्या जाड पुस्तकात सरळ लिहिलं होतं, की लहानपणी सगळ्यांना दूध पचतं, पण मोठेपणी पुष्कळांच्या पोटाची ती ताकद कमी होते, काहींची राहते. ज्याचं त्याचं पोट. आमच्या शाळेच्या पुस्तकात एवढी ओळ असती तर एक गदा गावात राहिली असती. मी सरांना ते वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे मी कमजोर नव्हतो?" तेवढंच.

नागपंचमी जवळ आली तसा त्यांच्या अंगाला निराळाच रंग चढला. अडतिसावं वर्ष, ही शेवटची दंगल, मग लंगोट खुंटीला, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. समोर दारव्ह्याकडचा तरणा गडी होता. त्याची सरांना फिकीर नव्हती. फिकीर होती गडव्याची. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात सर, वहिनी आणि मी असे तिघं बसलो. दूध प्यायले तर शेवटची कुस्ती गेली. नाही म्हटलं तर नागोबाचा प्रसाद नाकारला, आणि त्याहून वाईट म्हणजे आबाजींचा हात नाकारला. मी माझी अक्कल पाजळली, "ओठाला लावा आणि गुपचूप खाली ओता."

"आबाजीसंग खोटं नाही खेळनार मी," सर म्हणाले. "त्यानं मले उभं राहाले शिकवलं. पाठ लागली त लागली."

वहिनी म्हणाल्या, "गडवा नाही म्हना लागत नाही. गडवा घ्या. पेनाराचं मंग पाहू."

दंगलीच्या दिवशी आखाड्याभोवती मुंगीला वाट नव्हती. कापसानं तोंड पाडलेली माणसं त्या दिवशी छाती पुढे काढून आली होती. बायका शाळेच्या व्हरांड्यात. आबाजी वारुळाकडून हळूहळू आले, गडवा काठोकाठ भरलेला. गावानं त्या एका गडव्यासाठी घराघरातून वाटीवाटी दूध जमवलं होतं, हे मला ठाऊक होतं. सरांनी तो घेतला, कपाळाला लावला. मग आबाजींच्या पायांशी बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "आबाजी, हे माह्या पोटाले पचत नाही. कधीच पचलं नाही. तुमच्या भेवानं पेत होतो."

लाऊडस्पीकरवाल्यानं गाणं बंद केलं. सर उठले, गडवा घेऊन थेट व्हरांड्याकडे चालत गेले आणि वहिनींच्या हातात दिला. "हिनं बारा वर्षं म्हैस पाळली," ते म्हणाले, "अन् घोटभर नाही पेली. हिले पचते."

वहिनींनी पदर खोचला आणि सगळ्या गावासमोर तो गडवा एका दमात रिकामा केला. वर ओठ पुसून म्हणाल्या, "गोड आहे."

आधी हसू फुटलं ते आबाजींना. बोळक्या तोंडानं ते इतके हसले, की त्यांना धरावं लागलं. "येड्या," ते सरांना म्हणाले, "सांगाचं होतं न बे मले! मीही जवान होतो तवा बाजरीच्या भाकरीवर लढत होतो. दूध त तुह्यासाठी मागून आनलं." मग वहिनींनी पिशवीतून शाळेची पाण्याची बाटली काढली. त्यातलं शेंगदाण्याचं दूध सर उघड्या डोळ्यांनी प्यायले आणि लाल मातीत उतरले.

कुस्तीचं वर्णन मला जमणार नाही. मी कारकुनांच्या घराण्यातला. एवढं सांगतो, की दारव्ह्याच्या गड्यानं दोनदा कमरेला मिठी घातली आणि दोन्ही वेळा सर झाडासारखे उभे राहिले. चेहरा पिवळा पडला नाही. लोक त्या पिवळेपणाची वाट बघत होते, मीही बघत होतो. तिसऱ्या वेळी सर खाली वाकले, गड्याचा पाय त्यांच्या हातात आला आणि पुढच्या क्षणी त्याची पाठ मातीला लागली होती. मग जो आवाज उठला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. पागोटी उडाली, ढोलकीवाला नाचायला लागला, मुख्याध्यापक माझ्या गळ्यात पडले. गणिताच्या सरांनी छडी हवेत फेकली, ती पुन्हा सापडली नाही. मी आल्यापासून पहिल्यांदाच गदा गावात राहिली आणि सरांनी ती आधी नेऊन ठेवली आबाजींच्या मांडीवर. मला रडू आलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात 'दूध हे पूर्णान्न आहे' या वाक्यापाशी मी थांबलो आणि विचारलं, दूध पिऊन कुणाकुणाचं पोट दुखतं? मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मग चार हात वर आले, मग नऊ. इतकी वर्षं शिकवत होतो, पण विचारलं कधीच नव्हतं.

पुढे माझी बदली यवतमाळला झाली. निरोपाला सरांनी भाषण केलं नाही, माझी पेटी एका हातानं एसटीच्या टपावर चढवून दिली. आबाजी गेले, गावात पुन्हा म्हशी आल्या, वहिनींच्या गोठ्यातही आली. सर निवृत्त झाले तेव्हा मी नागपंचमीला मुद्दाम गेलो. मानाचा गडवा अजून आहे. पण आता तो पैलवानाच्या हातात देण्याआधी सर विचारतात, "चालते का तुले?" हाव म्हणाला तर दूध, नाही म्हणाला तर शेजारी दुसरा गडवा भरलेला असतो, शेंगदाण्याचा. कुणी हसत नाही.

पाहुणा म्हणून त्या दिवशी पहिला मान मला दिला. सर माझ्यासमोर उभे राहिले, केस पांढरे, मान तशीच. "सायन्स सर, चालते का तुम्हाले?" माझा हात सवयीनं खिशातल्या ओव्याच्या पुडीकडे गेला होता. आदल्या रात्रीही मी हळदीचं दूध पिऊनच झोपलो होतो. पन्नाशी उलटली होती आणि हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही.

"नाही सर," मी म्हणालो, "मला नाही चालत."

सरांनी दुधाचा गडवा मागे वहिनींना दिला आणि दुसरा माझ्या हातात ठेवला. मी तो डोळे उघडे ठेवून प्यायलो.