कॅसेटमधलं नाव

माझ्या शेजारची जयवंती तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या पॅकिंगला आहे. आठ तास उभं काम. एकोणीस वर्षांत तिच्या हातून गोळ्यांची एक पट्टी उलटी गेलेली नाही. मी चाळीस वर्षं फिटर होतो. असे हात मी फार पाहिले नाहीत.

माहेर दातिवऱ्याचं. मस्कतच्या मामाने आणलेल्या टीव्ही-गेमवर तिने चौदाव्या वर्षी किल्ल्याचा एक खेळ शेवटपर्यंत संपवला. कुणी पाहिलं नाही. थोरला भाऊ मनीष तेव्हापासून प्रत्येक पंगतीत सांगतो, "आमच्या जयूने राक्षस मारलेला. साक्षीला कोण? मांजर!" सगळे हसतात. ती पानांत वाढत राहते.

सत्तावीस वर्षांनी माहेरच्या माळ्यावर ते यंत्र सापडलं. खेळ संपवणाऱ्याचं नाव त्या खेळाच्या कॅसेटमध्ये राहतं. तिने कॅप्चर कार्ड मागवलं. काडेपेटीएवढी डबी, एकीकडून यंत्राच्या वायरी, दुसरीकडून लॅपटॉप. पडद्यावर दिसेल ते रेकॉर्ड होतं. नावाचं रेकॉर्डिंग तिला घरच्या ग्रुपवर टाकायचं होतं.

चित्र आलं, थरथरलं, गेलं. कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर खाऱ्या हवेचा हिरवा गंज होता.

"काका, तुमी बघता?"

मी कॅसेट उघडली. आत बटणाएवढा सेल. कंपनीत आमचा नियम एकच होता: आधी विजेचा सप्लाय तोडा, मग हात लावा. त्या नियमामुळे माझी दहा बोटं शाबूत आहेत. सेल काढला, पट्ट्या खोडरबराने घासल्या, स्पिरिटने पुसल्या, सेल परत सोल्डर केला. दीड तास. चोख काम.

चित्र लख्ख आलं. नावांची यादी कोरी.

"काका, सेल काढलेला का?"

"हो. काढायचाच असतो."

"त्याच्यावरच नाव टिकून होतं."

चाळीस वर्षांत एवढं नुकसान केलं नव्हतं, आणि हे नियम पाळून केलं. ती ओरडली नाही. चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतली पाळी सुटल्यावर तिने कॅप्चर चालू केलं आणि पहिल्या दारापासून खेळायला बसली. रोज चार ते सहा. तेवीस दिवस. मी रोज शेजारी बसलो.

तेविसाव्या दिवशी मनीष चिकू घेऊन आला. "काय गं, राक्षस जिता हाय अजून?"

"बस. आज मरतो."

पडद्यावर धबधबा आला. मनीष पुढे सरकला. "इथेच मी अडकलेलो. दोन उन्हाळे. पुढे वाट नाय."

जयवंती थांबली नाही. सरळ पाण्यात शिरली आणि डावीकडचा तिसरा दगड ठोकला. दार उघडलं.

मनीष उभाच राहिला. "मोबाइलवर बघितलंस?"

"तेवीस दिवस मी इथे आहे," मी म्हणालो. "मोबाइल त्या फळीवर असतो."

"मग हा दगड?"

"चौदाव्या वर्षी आठ दिवस एकेक दगड ठोकत बसलेली," ती म्हणाली. "तू तेव्हा क्रिकेटला जायचास."

मनीष तिच्या शेजारी खाली बसला. राक्षस पडला, नावासाठी चौकट आली, तेव्हा तो पुढे वाकला.

"जयू, आडनावासकट लिही."

"चारच अक्षरं बसतात, दादा."

"बरं. पण ग्रुपवर मी टाकणार."