उजवी पाकळी

आमच्या खुटबावात मोठं काम भैरवनाथाला विचारल्याशिवाय होत नाही. बोअर कुठं घ्यायची, पोरगी कुठं द्यायची, सगळ्याला कौल. देवाच्या छातीवर डावीकडं आणि उजवीकडं शेवंतीची एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि हात जोडून बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहानपणी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मांडीवर बसून मी श्वास रोखून त्या पाकळ्यांकडं बघायचो. पुढं शिरूरच्या कॉलेजात गेलो आणि आबांना तोंडावर सांगितलं, पाणी वाळलं की पाकळी पडते, देवाचा काय संबंध! त्यानंतर मी गाभाऱ्यात पाय ठेवला नाही. या गोष्टीचा मला माज होता, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांपूर्वी आबांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन करा. आबा म्हणाले, "आधी कौल. आन् तो तूच लावायचा. माझा हात कापतोय."

"आबा, मी हे मानत न्हाई. तुम्हाला म्हाईत हाय."

"तू नको मानू. मी मानतो की!"

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. मी नाही म्हणालो तर आबा घरीच बसणार, आणि डावी पडली तरी घरीच बसणार. शेवटी आंघोळ करून, पंचा गुंडाळून गाभाऱ्यात गेलो. आबा पाठीमागं बसलेले. डावी पाकळी पाण्यात चांगली बुडवली आणि उजवी हळूच पंचाला पुसली. मिनिटभरात उजवी पडली. आबा रडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा खडखडीत बरे झाले. आणि घ्या! पारावर बसून गावभर सांगायला लागले, "आमच्या पोराच्या हाताला नाथ पावतो." सुट्टीला शिरूरहून आलो की दारात कुणीतरी उभंच. मी कंपनीतली शिफ्ट, एसटी, काय वाट्टेल ते सांगून सटकायचो.

गेल्या महिन्यात शेजारचे आप्पा आले. आबांचे जिवलग, मला सायकल शिकवलेला माणूस. हृदयाच्या नळ्या बंद, डॉक्टरांनी बायपास सांगितलेली.

"आप्पा, कौल कशाला? सरळ ऑपरेशन करा."

"कौल लावल्याबिगर मी जात नसतो."

देवळापर्यंत चालताना मी ठरवलं, आता लबाडी बास. एका लबाडीनं दोन वर्षं जीव खाल्ला होता. निदान या माणसाला तरी फसवायचं नाही. आबा आणि आप्पा माझ्या मागं बसले. मी दोन्ही पाकळ्या सारख्याच भिजवल्या, सारख्याच चिकटवल्या.

डावी पडली.

आप्पांनी टोपी नीट केली. "बरं झालं. नाथाला माझी चिरफाड नको हाय."

"आप्पा, हे खरं न्हाई!" मी गाभाऱ्यातच ओरडलो. "आबांच्या वेळी मी उजवी पाकळी पुसली होती. मुद्दाम! देवाशपथ सांगतो!"

देवाशपथ म्हणे. दुसरी शपथच सुचली नाही.

वाटलं, आता आबा मुस्काडीत देणार. दिली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आरं येड्या, ती पुसायची बुद्धी तुला दिली कुणी?"

"आन् आज न्हाई दिली," आप्पा शांतपणे म्हणाले.

ज्या माणसांनी वाढवलं त्यांच्यापुढं माझं खरं बोलणंसुद्धा देवाच्या खात्यात जमा झालं.

आता दर सुट्टीला मी आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसतो. संडासापर्यंत जाऊन येताना ते दोनदा भिंतीला टेकतात. डॉक्टरांचे कागद दाखवून झाले, भांडून झालं, हातापाया पडून झालं. काल तर मीच म्हणालो, "आप्पा, एकदा परत कौल लावू. माझ्यासाठी."

आप्पा हसले. दम लागला म्हणून थांबले. मग म्हणाले, "एका कामाला देवाला दोनदा इचारत न्हाईत, बाळा. तुला लहानपणीच शिकवलं हुतं."