नावातली बाई

बनशंकरीच्या प्रेमाबाईंचं पूर्ण नाव बी. प्रेमा बाई. त्यातला 'बी' म्हणजे वडील, बिंदुमाधवराव. आणि 'बाई' काही वय झाल्यावर मानानं चिकटलेलं नाही, जन्मापासूनचं आहे. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरूला येऊन राहिलेल्या आमच्या मराठी घरांत मुलाच्या नावाला राव लागतो आणि मुलीच्या नावाला बाई, मग ती पाळण्यात का असेना. शाळेत घालताना कन्नड हेडमास्तर हसले होते म्हणे, एवढ्याशा पोरीला बाई कशाला. बिंदुमाधवरावांनी त्यांच्या टेबलावर बोट ठेवून सांगितलं, "लिहा. बाई वेगळं लिहा, जोडून नको. आमच्यात मुलीला मान देऊनच हाक मारतात." तेव्हापासून मार्क्स कार्डापासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे ते तसंच आहे. आणि अण्णा, म्हणजे वडील, मुलगी तीन वर्षांची होती तेव्हापासून तिला 'प्रेमाबाई, इकडे ये गं' असंच म्हणत आले. आपणही तसंच म्हणू.

तर प्रेमाबाई चव्वेचाळीस वर्षांच्या. नाकासमोर चालणाऱ्या. तरुणपणी बोम्मसंद्रातल्या एका कारखान्यात बारा वर्षं रिसेप्शनवर होत्या. मग आई अंथरुणाला खिळली आणि नोकरी सुटली. लग्नाची दोन बोलणी चालली होती, तीही कुणी मोडली नाहीत, आपोआप विरली. सात वर्षं आईचं सगळं केलं. गेल्या वर्षी आई गेली आणि घर अंगावर यायला लागलं. अण्णांची पेन्शन दोघांना पुरत होती, प्रश्न तो नव्हताच. बाईंना सकाळी उठून, बरी साडी नेसून कुठेतरी जायचं होतं. चार माणसांनी काही विचारावं, आपण सांगावं, एवढंच हवं होतं. पण सात वर्षं घरात बसलेल्या बाईला कोण विचारतो? अकरा ठिकाणी अर्ज केले, एकानं उत्तर दिलं. जयनगरातलं डोळ्यांचं इस्पितळ. त्या पत्राची घडी त्यांनी इतक्या वेळा उघडली की ती मधोमध फाटायला आली. हे हुकलं तर पुन्हा बोलावणं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पत्रात लिहिलं होतं, आधी मुलाखत, मग टायपिंग, मग अर्धा तास प्रत्यक्ष काउंटरवर बसून येतील ते फोन घ्यायचे. सुपरवायझर शेजारी बसून गुण देणार. बोम्मसंद्राला फोन उचलून 'हां, स्वल्प थांबा' म्हटलं की काम भागायचं. आता तसं चालणार नाही, एवढं कळत होतं.

वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी प्रांजली पुण्याची, एका कंपनीत माणसं निवडण्याचंच काम करायची. पोरगी भली. म्हणाली, "प्रेमाताई, डोंट वरी. रोज सात वाजता वर या, मी तयारी करून घेते." आणि खरंच घेतली. आठ दिवस ती फोन करणारी झाली, रागावलेला पेशंट झाली, डॉक्टरांची वेळ न मिळालेली म्हातारी झाली. बाईंचा आवाज तिनं खाली आणला, वाक्यं लहान केली, बरं बरं अशा अर्थी कन्नडमध्ये 'सरी सरी' म्हणायची सवय मोडली. शेवटी शेवटी तर बाईंना स्वतःचाच आवाज परका वाटू लागला, आणि खोटं कशाला बोला, आवडूही लागला.

एक गोष्ट मात्र प्रांजली जरा चाचरत बोलली. "ताई, राग मानू नका हं. ते 'बाई' काढून टाकू या का? म्हणजे आमच्याकडे बाई म्हटलं की... घरकामाला येतात ना, त्या बाई. इथेही हल्ली हिंदीवाले तसंच म्हणतात. इंट्रोडक्शनमध्ये ते फार ऑड वाटतं. सर्टिफिकेटवर असू दे, पण अर्जात प्रेमा राव लिहू. स्मार्ट वाटतं."

बाईंना आधी कसंसंच झालं. मग त्यांना बोम्मसंद्राचा मॅनेजर आठवला, मुंबईहून आलेला, जो पहिल्या दिवशी नाव ऐकून हसला होता आणि पुढे वर्षभर 'ए बाई, चहा सांग' म्हणायचा. तेव्हा त्यांनी ते मुकाट्यानं गिळलं होतं. आता पुन्हा गिळायचं नव्हतं. "सरी," त्या म्हणाल्या, "राव लिहू." आणि राव तर अण्णांचंच की, असं स्वतःला समजावलं.

खाली अण्णा रोज वाट बघत असायचे. एकोणऐंशी वर्षांचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण उत्साह दांडगा. "काय शिकवलं आज? म्हणून दाखव की मला. गुड मॉर्निंग, माय नेम इज बी. प्रेमा बाई, असंच ना?"

"उद्या दाखवते, अण्णा."

तो उद्या आठही दिवस आला नाही. नाव गाळून म्हणायला जीभ रेटेना, आणि नाव घालून म्हणायची तर सवय बिघडेल अशी भीती. नुसतं सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? अण्णा दोन दिवस फुरंगटून बसले असते आणि तिसऱ्या दिवशी विसरले असते. पण नाही सांगितलं.

मुलाखतीच्या दिवशी त्या 'एकपर्यंत येते, मग जेवू' म्हणून निघाल्या. इस्पितळात दारातच मोबाइल जमा करून घेतला. तीन उमेदवार होत्या: श्वेता, अनुषा आणि प्रेमा राव. पहिल्या दोघी पंचविशीच्या आतल्या. मुलाखत बरी झाली, टायपिंग जेमतेम झालं. काउंटरवरचा नंबर बाईंचा शेवटचा लागला, तोवर अडीच वाजले. सुपरवायझर श्रीविद्या मॅडम शेजारी गुणांचा कागद घेऊन बसल्या. फोनचा स्पीकर चालू. त्यांनी आधीच बजावलं होतं, "घरचा फोन, ओळखीचा फोन या लाइनवर चालत नाही. गेल्या वेळी एका मुलीला त्यापायी परत पाठवलं."

सहा फोन झाले. बाईंचं एकही वाक्य अडखळलं नाही. सातवा वाजला. बाईंनी इस्पितळाचं नाव सांगून, काय मदत करू, असं त्या नव्या आवाजात विचारलं.

"नमस्कार, अम्मा," पलीकडून कन्नडमध्ये आवाज आला, जरा मोठ्यानं, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा. "माझी मुलगी तुमच्याकडे इंटरव्ह्यूला आली आहे. तिचा मोबाइल लागत नाही. प्रेमा बाई तिचं नाव. बी. प्रेमा बाई. स्वल्प बोलवता का?"

अण्णा. फ्रिजला लावलेल्या पत्रावरचा नंबर भिंगातून बघून एकेक आकडा दाबला असणार.

श्रीविद्या मॅडमनी समोरच्या यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली, असं कुणी नाही. मग बाईंकडे पाहिलं, आता ही काय करते म्हणून. त्या वेळी नुसतं 'मॅडम, ती मीच' म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मग 'बाई' कुठून आलं ते सांगावं लागलं असतं, घरचा फोन म्हणून गुण गेले असते, आणि शेजारच्या बाकावर त्या दोन मुली ऐकत बसल्या होत्या. एका तासात घरी जाऊन सांगू की, हसतील अण्णा, असा विचार बाईंच्या मनात आला, आणि तोंडातून इंग्रजीत शब्द निघून गेले.

"सॉरी सर, त्या नावाचं इथे कुणी नाही."

"नाही का? बरं बरं. तसदी दिली, अम्मा." आणि फोन ठेवला गेला.

श्रीविद्या मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि समाधानानं म्हणाल्या, "छान. म्हातारी माणसं असली की मुली इथे ढिल्या पडतात." चार वाजता नोकरी मिळाल्याचं तिथेच सांगितलं.

बाई घरी पोचल्या तेव्हा अण्णा जेवायचे थांबलेले होते. ताटं तशीच पालथी. नोकरी लागली म्हटल्यावर त्यांनी आधी देवापुढे साखर ठेवली, मग पानावर बसले आणि बोलायला लागले. "अगं, मी फोन केला होता. आकडा चुकला माझा, दुसऱ्याच कुठल्या शाखेत लागला. पण तिथली बाई काय सुरेख बोलली म्हणून सांगू. नाही म्हणाली, पण किती अदबीनं. मी मनात म्हटलं, आमची प्रेमाबाई असं बोलली तर झालंच काम. तशी बोललीस ना तू?"

सांगायची वेळ हीच होती, ती समोर येऊन बसली होती. "हो अण्णा," त्या म्हणाल्या, "तशीच बोलले." आणि भातावर आमटी वाढून घेतली.

त्याला आता नऊ महिने झाले. नोकरी छान चालली आहे. 'प्रेमा राव' असं इंग्रजीत लिहिलेला बिल्ला बाई घरी येताना गल्लीच्या तोंडाशीच काढून पर्समध्ये टाकायच्या. मध्ये अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. "तुझ्याच इस्पितळात करू, सगळे ओळखीचे," अण्णा म्हणाले. बाईंनी, तिथे महिनोन्महिने नंबर लागत नाही, अशी थाप मारली आणि त्यांना बसवनगुडीला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे पट्टी सोडेपर्यंत बाकावर बसून त्या मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होत्या. आपल्या इस्पितळातले डॉक्टर किती चांगले आहेत ते रोज शंभर लोकांना सांगणारी बाई, आणि सख्ख्या बापाला तिथे नेता येईना.

ऑपरेशन चांगलं झालं. अण्णा पेपर वाचायला लागले, कॅलेंडर वाचायला लागले, डब्यांवरची लेबलं वाचायला लागले. आणि एका संध्याकाळी, दमून आल्यावर बाईंनी पर्स टेबलावर उपडी केली, तेव्हा बिल्लाही वाचला.

"प्रेमा राव," ते म्हणाले. हातात घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाले, "त्या दिवशी फोन तूच उचलला होतास का गं?"

बाईंना रडू फुटलं. त्यांनी सगळं सांगितलं, प्रांजलीचं, यादीचं, गुणांचं. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. उलट त्यांनाच वाईट वाटलं. "हल्ली कोण लावतं बाई. मलाच कळायला हवं होतं. चारचौघांत तुला लाज आणायची आणि वर मोठ्यानं नाव घ्यायचं." बिल्ला त्यांनी पुसून जागेवर ठेवला. "राव बरं दिसतंय. माझंच आहे की ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीतून हाक आली, "प्रेमा, कॉफी झाली का?" बाईंना आधी कळलंच नाही की आपल्याला बोलावतायत. तेव्हापासून अण्णा असंच म्हणतात. चुकूनही चुकत नाहीत, या वयात इतकं लक्षात ठेवून. बाई रोज ठरवतात, आज बोलायचं. कामावर जाताना बसमध्ये वाक्य जुळवतात, येताना पुन्हा जुळवतात. पण पाठ केलेली वाक्यं म्हणायला घर म्हणजे इस्पितळ थोडंच आहे? ज्या माणसाला आपण फोनवर सांगितलं, त्या नावाचं इथे कुणी नाही, त्याला आता कोणत्या तोंडानं म्हणायचं की अण्णा, मला प्रेमाबाई म्हणा.